हातांचं इसब: मलमाच्या आधी पाणी मोजा

हातांवरचं इसब मलमाने दबतं आणि पंधरा दिवसांत परत डोकं वर काढतं, कारण मलम दिवसातून एकदा लागतं आणि साबण वीस वेळा. दिवसात हात दोन तासांहून जास्त ओले राहत असतील किंवा वीसपेक्षा जास्त वेळा धुतले जात असतील, तर त्वचेच्या वरच्या थराला भरून यायला सवडच मिळत नाही. म्हणून सुरुवात मोरीपासून करा. एक दिवस हात जितक्या वेळा भिजतील तितक्या रेघा कॅलेंडरवर ओढा. आकडा बघून बहुतेकांना धक्का बसतो.

मग भिजणं एकत्र आणा. एकेक कप विसळत बसण्यापेक्षा भांडी साठवून दोनदाच घासा. पाणी कोमट हवं. कढत पाण्याने खाज घटकाभर थांबते, पण त्वचेतला तेलकटपणा धुऊन जातो आणि नंतर ती दुप्पट सुटते. इंदुरात बोअरिंगचं जड पाणी येतं तिथे फेस होत नाही म्हणून साबण जास्त घेतला जातो. घरात नर्मदेचं पाणीही येत असेल तर हात धुवायला ते राखून ठेवा. अंगठी काढूनच हात धुवा. तिच्याखाली साबण अडकून राहतो, आणि पुष्कळदा पहिला चट्टा तिथेच उठतो.

हातमोजे घालताना आत सुती, वर रबरी किंवा विनाइलचे, असे दोन थर हवेत. पंधरा-वीस मिनिटांहून जास्त वेळ घालू नका, कारण आतला घाम साबणाइतकाच छळतो. सुती थर ओला झाला की बदला, भोक पडलेला मोजा टाकून द्या. मोजा जिथे संपतो तिथे मनगटावर लालसर रेघ उठत असेल, तर रबरातल्या रसायनाची ॲलर्जी असू शकते. मग विनाइलच वापरा.

स्वयंपाकघरात लसणावर खास लक्ष ठेवा. उजव्या हाताने चिरणाऱ्याच्या डाव्या अंगठ्याची, तर्जनीची आणि मधल्या बोटाची टोकंच कोरडी पडून चिरली असतील, तर संशय लसणावर घ्यावा, कारण पाकळी त्याच तीन बोटांत धरली जाते. त्याचा अंश पातळ मोज्यांतूनही आत जातो. त्यामुळे भेगा भरेपर्यंत लसूण घरातल्या दुसऱ्या कुणी सोलावा, हेच बरं. थंडीत गराडू हा कंद सोलतानाही हात खाजतात, ते त्यातल्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. ते इसब नव्हे; पण चिरलेल्या कातडीवर ते स्फटिक आग भडकवतात, तेव्हा मोजे घालूनच सोला.

आता मलम. हात धुतले की बोटांच्या बेचक्यांसकट टिपून घ्या, चोळू नका, आणि दोन-तीन मिनिटांच्या आत बिनवासाचं क्रीम किंवा साधी पेट्रोलियम जेली लावा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, एका हाताला दोन्ही बाजूंनी पुरेल इतकी. दोन्ही हातांना 1 ग्रॅम, दिवसातून सहा वेळा, म्हणजे 30 ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपायला हवी. महिनाभर पुरत असेल तर तुम्ही कमी लावताय. जेलीची मोठी बरणी स्वस्त पडते. रात्री जाडसर लावून सुती मोजे घालून झोपा. मोहरीचं तेल, लिंबू, पाण्यात घातलेलं अँटिसेप्टिक, यांतलं काहीही नको. भेगांवर ही सगळी झोंबतात आणि सूज वाढवतात.

डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम दिलं असेल तर ते सांगितलं तितकेच दिवस लावा, आणि ते व क्रीम यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब दुकानातून आपल्या मनाने आणू नका. एकाच तळहातावर खपल्या असतील तर ते गजकर्णही असू शकतं, आणि स्टेरॉइडने ते लपून पसरतं. खरवडून केलेल्या साध्या तपासणीत ते कळतं.

बोटांच्या कडांना साबुदाण्यासारखे खोल, खाजरे फोड येत असतील, पिवळी खपली धरून पू येत असेल, किंवा महिनाभर नेमाने काळजी घेऊनही फरक नसेल, तर इंदूरच्या एम. वाय. हॉस्पिटलच्या किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पू आणि ताप असेल तर त्याच दिवशी जा. ॲलर्जीचा संशय असल्यास पॅच टेस्ट करतात: पाठीवर लावलेल्या पट्ट्या 48 तास भिजू द्यायच्या नाहीत, आणि त्या काढल्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाठ दाखवावी लागते. ती दुसरी खेप चुकवू नका, कित्येक ॲलर्जी तेव्हाच उठून दिसतात.

हात गुळगुळीत दिसू लागले तरी आतला थर पूर्ववत व्हायला चार-पाच महिने लागतात. तोवर मोरीजवळची जेलीची बरणी आणि सुती मोजे जागचे हलवू नका.