या चुका टाळा: कोकणातल्या घराची दुरुस्ती, न येणारे कारागीर आणि उतावळे हात

घराची दुरुस्ती स्वतः करावी की कारागिराला द्यावी, हा निर्णय कोकणातल्या बहुतेक घरांत मजुरीचा आकडा ऐकून घेतला जातो, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. निर्णय घेण्यापूर्वी हे काम बिघडले तर पहिल्या झडीत पाणी कुठे जाईल, एवढे तरी स्वतःला विचारावे. नळाचा वॉशर चुकीचा बसला तर बादलीभर पाणी वाया जाईल; असे काम घरच्या माणसाने खुशाल शिकून घ्यावे. दारे-खिडक्यांना तेलपाणी करणे, पन्हळीतला पालापाचोळा काढणे, आतल्या कोरड्या भिंतींना रंग देणे ही कामेही घरचीच. मात्र छप्पर, स्लॅब आणि विजेचे मुख्य वायरिंग बिघडले तर नुकसान घराच्या हाडापर्यंत पोहोचते, म्हणून ही कामे जाणत्या माणसाकडून, आणि आपण समोर उभे राहूनच, करून घ्यावीत.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मुंबईत बसून, फोनवरून, मे महिन्यात छपराचे काम उक्ते, म्हणजे एकरकमी ठेक्याने, देणे आणि निम्म्याहून अधिक रक्कम आधीच पाठवून मोकळे होणे. राजापूर तालुक्यातल्या आमच्या एका नातेवाइकांच्या कौलारू घराचे असेच झाले. वासे आणि रिपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, बदलायच्या होत्या. ठेकेदाराने उचल घेतली, माणसे आणली आणि पहिल्या झटक्यात एका बाजूच्या पाख्यावरची, म्हणजे छपराच्या उतारावरची, सगळी कौले उतरवून अंगणात रचून ठेवली. मोजके वासे बदलून झाल्यावर त्याला दुसऱ्या गावात काम मिळाले आणि माणसे तिकडे गेली. फोन केला की "उद्या पाठवतो" एवढेच उत्तर मिळत असे. मृग लागायच्या आधीच वळवाचा पाऊस आला. माजघराच्या सारवलेल्या जमिनीचा चिखल झाला, माळ्याच्या फळ्या फुगून वर उचलल्या गेल्या आणि भिंतींवरून लाल पाणी खाली उतरले. मी जवळ राहतो म्हणून मला बोलावणे आले. शेजाऱ्यांच्या मदतीने ताडपत्री ओढेपर्यंत जे भिजायचे ते भिजून गेले होते. उक्ते देऊन वाचवलेली मजुरी नव्या फळ्या आणण्यातच संपली.

ठेकेदाराचे वागणे चुकीचे होते यात शंका नाही. परंतु मृगाच्या आधी आणि पुन्हा गणपतीच्या आधी सगळ्या गावाला एकाच वेळी गवंडी आणि सुतार हवे असतात, आणि त्या दिवसांत एकेक कारागीर चार घरांची उचल घेऊन बसलेला असतो, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ते ठाऊक असूनही मेमध्ये काम काढणाऱ्याला मी समंजस म्हणणार नाही. छपराचे काम दिवाळीनंतर काढावे आणि होळीच्या आत संपवावे. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी, म्हणजे मृगाच्या तोंडावर, रायगडच्या किनाऱ्यावर धडकले होते. शेवटच्या आठवड्यासाठी ठेवलेल्या कामाचा भरवसा किती धरावा, हे त्यावरून ठरवावे.

माझी स्वतःची पद्धत अशी आहे. कौले, लाकूड, सिमेंट हा माल मी दुकानातून स्वतः घेतो आणि कारागिराला केवळ मजुरी देतो, तीही झालेले काम मोजून. संध्याकाळपर्यंत पुन्हा झाकता येईल तेवढाच पाख्याचा भाग सकाळी उघडायचा, हे काम सुरू होण्याआधीच बोलून घेतो. मजुरीचा पाचवा हिस्सा पहिली झड होईपर्यंत माझ्याकडे राहतो. चांगला कारागीर त्याला नकार देत नाही, कारण ठरलेल्या दिवशी उरलेले पैसे त्याच्या हातात पडतात, हे त्याने अनुभवलेले असते. कारागिरांनाही पैसे बुडवणारे मालक भेटतात, म्हणून हा व्यवहार दोन्ही बाजूंनी वहीत लिहिलेला असावा. नवा माणूस निवडताना त्याचे नुकतेच झालेले काम पाहून काहीच कळत नाही. त्याच्या हाताखालून गेल्यावर ज्या घराने निदान एक पावसाळा काढला आहे, ते घर पाहावे आणि त्या घरातल्या बाईंना विचारावे, कारण गळतीखाली भांडी कुठे ठेवावी लागली ते त्यांनाच नेमके माहीत असते.

दुसरी चूक स्वतः काम करणाऱ्यांची आहे. जांभ्याच्या भिंतीला ओल आली की मोबाइलवर एखादा व्हिडिओ पाहून तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवायचा आणि वर जलरोधक रंग लावायचा, असा प्रकार अलीकडे फार वाढला आहे. जांभा सच्छिद्र असतो. तो पाणी पितो आणि हवा मिळाली तर सोडतोही. तो बाहेरून घट्ट बंद केला की आत मुरलेले पाणी घराच्या बाजूने वाट काढते, पांढरे क्षार फुटतात आणि रंगाचे पोपडे निघतात. मग हौशी माणूस पोपडे खरवडून आणखी भारी रंग आणतो. ओल कुठून येते हे त्याने एकदाही पाहिलेले नसते. फुटलेले कौल, तुंबलेली पन्हळ, पागोळ्यांचे जमिनीवरून उडणारे पाणी, जोत्याला लागून साचलेली माती, ही कारणे आधी एकेक करून तपासावीत. ती दूर केल्यावर सुटलेला गिलावा काढून भिंत दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत महिना-दोन महिने तशीच उघडी ठेवावी आणि नंतर चिऱ्यांच्या दर्जा, म्हणजे जांभ्याच्या दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, भरून घ्याव्यात. हे दर्जा भरण्याचे काम शिकण्यासारखे आहे आणि ते घरच्या घरी उत्तम होते. मात्र ज्याला भिंत वाळेपर्यंत थांबवत नाही, त्याने थापीला हात लावू नये.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगता येतील. सिमेंटच्या गोणीवर ते कोणत्या आठवड्यात तयार झाले हे छापलेले असते. तीन महिन्यांपूर्वीचा माल आपल्या दमट हवेत घेऊ नये. खाडीची वाळू न धुता स्लॅबला वापरली की तिच्यातल्या मिठाने सळया गंजतात आणि काँक्रीट फुटते. गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारावे. गवंडी निघून गेल्यावर हे काम घरच्यांनीच करायचे असते, आणि नेमके तेच टाळले जाते. किनाऱ्याजवळच्या घराला साधे स्क्रू वापरू नयेत. खाऱ्या हवेत ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील ३०४ पेक्षा जास्त टिकते. वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारी कळ, बसवून घ्यावी आणि तिचे टेस्टचे बटण अधूनमधून स्वतः दाबून पाहावे. शेवाळलेल्या कौलांवर एकट्याने चढू नये.

काम अर्धवट टाकून माणूस गेलाच असेल, तर भांडणात दिवस घालवू नयेत. झालेल्या कामाचे फोटो काढावेत, मोजमाप लिहून ठेवावे, शिल्लक माल घरात घ्यावा आणि नव्या कारागिराला आधीच्याने बसवलेल्या रिपा ओळंब्याने व दोरीने तपासूनच पुढे जायला सांगावे. पावसाची चिन्हे असतील तर ताडपत्री केवळ उघड्या भागावर टाकून भागत नाही, कारण वरून आलेले पाणी तिच्या खाली शिरते. ती आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर हातभर तरी न्यावी आणि दोन्ही बाजूंनी वाशांना बांधावी.