साखरपुड्याची अंगठी: हिरा खाणीतला घ्यावा की प्रयोगशाळेतला?

साखरपुड्यासाठी हिऱ्याची अंगठी घ्यायचे ठरले की सराफाच्या पेढीवर हल्ली पहिलाच प्रश्न येतो, ‘नॅचरल दाखवू की लॅब ग्रोन?’ बहुतेक जोडपी मग या प्रश्नाचे उत्तर तिथेच, ट्रेमधल्या दोन अंगठ्या आणि त्यांच्या चिठ्ठ्यांवरचे आकडे आळीपाळीने पाहत शोधू लागतात. हा निर्णय दुकानाची पायरी चढण्याआधी घरी झालेला बरा. दोन्ही हिरे डोळ्यांना सारखेच दिसतात. त्यांच्यातला फरक किमतीत, कागदपत्रांत आणि पुढे अंगठी बदलायची किंवा मोडायची वेळ आली तर हाती येणाऱ्या रकमेत असतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण घरातली वडीलधारी माणसे लॅब ग्रोन हिऱ्याला सर्रास ‘अमेरिकन डायमंड’ समजतात. अमेरिकन डायमंड म्हणून विकला जाणारा खडा क्युबिक झिरकोनियाचा असतो आणि मॉइसनाइट हा सिलिकॉन कार्बाइडचा. लॅब ग्रोन हिरा मात्र खाणीतल्या हिऱ्यासारखाच कार्बनचा स्फटिक असतो. त्याची कठिणता मोह्स मापनावर (खनिजांची कठिणता मोजण्याचे माप) सर्वाधिक, म्हणजे 10, आणि अपवर्तनांक (प्रकाशकिरण किती वळतो याचे माप) 2.42, म्हणजे खाणीतल्या हिऱ्याइतकाच असतो. त्यामुळे विक्रेत्याने पेनासारखा टेस्टर खड्याला लावून वाजवून दाखवला, तर त्यावरून खडा हिऱ्यासारखी उष्णता वाहून नेतो एवढेच कळते. तो खाणीतून आला की यंत्रातून, हे सांगणे त्या टेस्टरच्या आवाक्यात नसते; त्यासाठी वर्णपट तपासणारी किंवा अतिनील प्रकाशाखाली स्फटिकाची वाढ दाखवणारी उपकरणे लागतात.

नैसर्गिक हिरे भूपृष्ठाखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल, बहुधा शंभर कोटी वर्षांपेक्षाही आधी तयार झालेले असतात. प्रयोगशाळेत तेच काम काही आठवड्यांत होते आणि त्याच्या दोन पद्धती आहेत. एचपीएचटी पद्धतीत प्रचंड दाब आणि 1300 ते 1600 अंश सेल्सिअस तापमान वापरले जाते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत 1954 च्या अखेरीस या मार्गाने हिरा तयार झाला. सीव्हीडी पद्धतीत हिऱ्याची पातळ चकती निर्वात कक्षात ठेवून मिथेन आणि हायड्रोजन वायूंच्या प्लाझ्मातून तिच्यावर कार्बनचे थर चढवले जातात. सुरतेतले बहुतेक उत्पादन सीव्हीडीचे आहे. ग्राहकाला पद्धतीचे नाव पाठ असण्याची गरज नाही, पण तिच्या खुणा माहीत असाव्यात: सीव्हीडी हिऱ्यात कधी तपकिरी झाक किंवा किंचित दुधाळपणा आढळतो, तर एचपीएचटी हिऱ्यात कधी निळसर छटा. दुकानातल्या प्रखर दिव्यांखाली यातले काहीच जाणवत नाही. म्हणून हिरा पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवून, दाराशी नेऊन, दिवसाच्या उजेडात पाहू देण्याची विनंती करावी. चांगला सराफ ती नाकारत नाही.

आता किमतीकडे वळू, कारण निवडीचा सगळा तिढा तिथेच आहे. एक कॅरेटच्या (कॅरेट हे हिऱ्याच्या वजनाचे माप) आसपासच्या, साधारण सारख्या प्रतीच्या दोन हिऱ्यांत लॅब ग्रोनची किंमत नैसर्गिक हिऱ्याच्या पाचव्या हिश्शापासून दहाव्या हिश्शापर्यंत, कित्येकदा त्याहूनही कमी असते. शिवाय ती गेल्या काही वर्षांत सतत उतरत आली आहे, कारण खाणीला मर्यादा असते, पण यंत्रांची संख्या वाढवत नेता येते. डी बिअर्स या खाणमालक कंपनीने 2018 मध्ये लाइटबॉक्स नावाचा लॅब ग्रोन दागिन्यांचा ब्रँड कॅरेटला 800 डॉलर या दराने आणला, तेव्हा तो दर धक्कादायक स्वस्त वाटला होता. 2025 मध्ये कंपनीने तो ब्रँड बंद करण्याचे जाहीर केले, तोवर घाऊक भाव त्याच्याही पुष्कळ खाली आले होते. आपल्याकडे केंद्र सरकारने 2023 च्या अर्थसंकल्पात हिरे वाढवण्यासाठी लागणाऱ्या बीजावरील, म्हणजे ज्यावर थर चढवतात त्या चकतीवरील, 5 टक्के सीमाशुल्क काढून टाकले, त्यामागे उत्पादन वाढावे हाच हेतू होता. थोडक्यात, आज घेतलेला लॅब ग्रोन हिरा दोन वर्षांनी नवा घेऊ गेल्यास अधिक स्वस्त मिळण्याची शक्यता बरीच आहे, आणि जुना विकायला गेल्यास हिऱ्याचे म्हणून फारसे काही हाती न येण्याची तयारी ठेवावी.

यावरून नैसर्गिक हिरा ही गुंतवणूक ठरते, असे मात्र कोणी सांगितल्यास मानू नये. सोन्यासारखा रोजचा जाहीर भाव हिऱ्याला नसतो. दुकानाबाहेर पडताच त्याच्या किमतीतून विक्रेत्याचा नफा वजा होतो, आणि दुसऱ्या सराफाकडे विकायला नेल्यास दिलेल्या पैशांचा मोठा हिस्सा बुडतो. फरक असा की मोठ्या पेढ्या स्वतः विकलेल्या नैसर्गिक हिऱ्यांवर बदली किंवा परतखरेदीची ठरावीक टक्केवारी लेखी देतात, लॅब ग्रोनवर ती बहुधा कमी असते किंवा नसतेच. ज्या घरात दागिना पाच-सात वर्षांनी बदलून मोठा करण्याची रीत आहे, त्या घराला ही टक्केवारी चमकेपेक्षा महत्त्वाची ठरते.

तेव्हा निवडीचा क्रम असा ठेवावा. पहिल्यांदा रक्कम ठरवावी, आणि ती अंगठीची एकूण रक्कम असावी, हिऱ्याची नव्हे. मग दोघांनी एकमेकांना सरळ विचारावे की हिरा जमिनीतून आलेला असण्याला आपल्या मनात काही मोल आहे का. ते असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. ठरलेल्या पैशांत बसेल तो छोटा पण उत्तम पैलूंचा नैसर्गिक हिरा घ्यावा आणि आकारासाठी कर्ज काढू नये. ते नसेल, तर लॅब ग्रोन घेण्यात काहीही उणे नाही, फक्त वाचलेले सगळे पैसे त्याच ट्रेमधल्या दुप्पट मोठ्या खड्यावर घालवू नयेत. माझे मत विचाराल तर नोकरी नुकती लागलेल्या जोडप्याने मध्यम आकाराचा लॅब ग्रोन हिरा, चांगल्या वजनाच्या सोन्यात बसवून घ्यावा; पुढे मोल उरणार आहे ते सोन्याचेच. घरात पत्रिका पाहण्याची प्रथा असेल तर ‘हिरा लाभतो का’ हा प्रश्नही खरेदीआधीच मिटवावा. हिरा शुक्राचे रत्न मानला जात असल्याने हा प्रश्न हमखास निघतो, आणि बिल झाल्यावर निघाला तर सराफाच्या परतीच्या नियमांत ज्योतिषाची चिठ्ठी चालत नाही.

प्रतीबद्दल बोलायचे तर पैलूंची कापणी हा सर्वांत वरचा निकष, मग तो हिरा कुठलाही असो. कापणी बेताची असेल तर स्वच्छ आणि रंगहीन हिराही मधोमध काळवंडलेला दिसतो. पेढीवर ‘ईएफ व्हीव्हीएस’ (ई किंवा एफ रंग म्हणजे रंगहीन, व्हीव्हीएस म्हणजे अत्यंत सूक्ष्म दोष असलेला) ही प्रत फार आग्रहाने दाखवली जाते, परंतु नैसर्गिक हिरा पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर जी किंवा एच रंग (जवळपास रंगहीन) आणि व्हीएस स्वच्छता (थोडे अधिक, पण सूक्ष्मच दोष) नुसत्या डोळ्यांना तितकीच चांगली दिसते आणि बरेच पैसे वाचतात. आकाराबाबत एक हिशेब डोक्यात असावा: एक कॅरेटचा, म्हणजे 0.2 ग्रॅमचा गोल हिरा सुमारे 6.5 मिलिमीटर व्यासाचा असतो, तर अर्ध्या कॅरेटचा साधारण 5.2 मिलिमीटर. वजन निम्मे होते, पण दिसणारी रुंदी एक-पंचमांशच घटते. बारीक बोटावर अर्ध्या कॅरेटचा खडा भरपूर दिसतो, आणि रोज लोकलने प्रवास करणाऱ्या मुलीला तर अंगठीचा खडा तळहाताकडे फिरवून बसावे लागत असेल, तर उंच कोंदणातला मोठा हिरा हा निव्वळ जाचच.

प्रमाणपत्राशिवाय मुख्य हिरा घेऊ नये. हिरे तपासून प्रमाणपत्र देणारी आयजीआय ही संस्था लॅब ग्रोन हिऱ्यांनाही रंग आणि स्वच्छतेच्या नेहमीच्या श्रेणी देते; तशाच दुसऱ्या संस्थेने, जीआयएने, मात्र ऑक्टोबर 2025 पासून लॅब ग्रोन हिऱ्यांसाठी त्या श्रेणी वापरणे थांबवून ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोनच वर्ग ठेवले आहेत. म्हणून दोन दुकानांतल्या किमतींची तुलना करताना दोन्ही हिऱ्यांचे कागद एकाच संस्थेचे आहेत ना, हे पाहावे. प्रमाणपत्राचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर घालून वजन आणि मापे जुळवावीत. त्यानंतर सराफाकडून दहापट भिंग मागून हिऱ्याची कड पाहावी. वरचा आणि खालचा उतार जिथे मिळतो त्या अरुंद पट्ट्यावर लेझरने अगदी बारीक अक्षरांत सहसा तोच क्रमांक कोरलेला असतो, आणि लॅब ग्रोन असेल तर बहुधा तसा उल्लेखही. हिरा हळूहळू फिरवावा लागतो, अक्षरे एकदम सापडत नाहीत आणि मागचा ग्राहक खोळंबतो. तरीही ती सापडेपर्यंत भिंग खाली ठेवू नये. ओळखीचा सराफ आहे म्हणून हे टाळणारी माणसे पुष्कळ भेटतात, पण त्या सराफानेही हिरा दुसऱ्याकडूनच घेतलेला असतो.

हॉलमार्कविषयीही गल्लत होते. अंगठीच्या आतल्या बाजूस बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. हा क्रमांक 1 एप्रिल 2023 पासून विक्रीसाठी सक्तीचा झाला आणि बीआयएस केअर या अॅपवर तो तपासता येतो. पण तो सोन्याची शुद्धता सांगतो, हिऱ्याबद्दल अवाक्षरही नाही. हिऱ्याच्या अंगठीत सोने बहुधा 18 कॅरेटचे (इथे कॅरेट म्हणजे वजन नव्हे, शुद्धता), म्हणजे हजारात 750 भाग शुद्ध असते, आणि भाव त्याच शुद्धतेचा लावलेला असावा.

बिलात सोन्याचे निव्वळ वजन आणि भाव, हिऱ्याचे वजन आणि दर, घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी या गोष्टी वेगवेगळ्या मांडून घ्याव्यात. वजनाचा पडताळा सोपा आहे: अंगठीचे एकूण वजन 4.20 ग्रॅम आणि त्यातले सगळे हिरे मिळून एक कॅरेट असतील, तर सोने 4 ग्रॅमच धरले पाहिजे. हिऱ्यासमोर ‘नैसर्गिक’ किंवा ‘लॅब ग्रोन’ हा शब्द लिहिलेला हवा, नुसता ‘डायमंड’ पुरेसा नाही. मुख्य खड्याच्या कडेला बसवलेल्या बारीक हिऱ्यांबाबतही हाच आग्रह धरावा, कारण ते एकेकटे प्रमाणित केलेले नसतात आणि नैसर्गिक बारीक मालात लॅब ग्रोन मिसळला जाणे ही या व्यापाराची जुनी डोकेदुखी आहे.

पर्यावरणाचा मुद्दा दोन्ही बाजूंनी फार सैल हाताने वापरला जातो. खाणीसाठी जमीन उकरली जाते हे खरे, आणि 2003 पासून लागू असलेली किंबर्ली प्रक्रिया ही आंतरराष्ट्रीय प्रमाणन योजना बंडखोरांना पैसा पुरवणाऱ्या कच्च्या हिऱ्यांपुरतीच आहे, मजुरांच्या स्थितीची हमी ती देत नाही, हेही खरे. परंतु बोत्स्वानासारख्या देशाच्या तिजोरीचा मोठा आधार हिऱ्यांच्या खाणीच आहेत. उलट बाजूला लॅब ग्रोन हिऱ्यासाठी यंत्रे आठवडेच्या आठवडे विजेवर चालतात आणि आपल्याकडची बहुतांश वीज आजही कोळशाची आहे. ‘पर्यावरणस्नेही’ असे पत्रकावर छापलेले असेल तर कारखान्याची वीज कुठून येते, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर त्या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

हिरा सुटा निवडून अंगठी घडवायला देणार असाल तर तारखेआधी पुरेसा अवधी ठेवावा आणि कारागिराला सांगून ठेवावे की कोरलेला क्रमांक कोंदणाच्या नखाखाली झाकला जाऊ नये. पूर्ण बंद कोंदणात तो दिसणारच नाही, म्हणून तशी घडण हवी असेल तर बसवण्यापूर्वी स्वतः हजर राहून क्रमांक पाहावा. अंगठी ताब्यात घेताना भिंग पुन्हा मागावे, क्रमांक प्रमाणपत्राशी जुळवावा, आणि बदलीची टक्केवारी बिलावर दुकानाच्या शिक्क्यासह लिहून घेतल्यावरच उरलेली रक्कम द्यावी.