झुल्यांचे फोटो काढताना: ग्वाल्हेरच्या मेळ्यातला अनुभव

"दादा, झुल्यासाठी शटर कितीवर ठेवू?" हिवाळा आला आणि मेळा भरला की आमच्या ग्वाल्हेरात नवी मुलं हा प्रश्न विचारतातच. माझं उत्तर ठरलेलं आहे. शटर म्हणजे कॅमेरा किती वेळ उघडा राहतो ते. तो आकडा नंतर बघू. आधी सांगा, फोटोत स्थिर कोण राहणार? कॅमेऱ्याच्या हिशेबाने जे जागचं हलत नाही ते स्पष्ट येतं, बाकीचं वाहतं. खाली जमिनीवर उभं राहिलात तर पाळणा वाहतो आणि मांडव, दुकानं, खांब ठाम राहतात. पाळण्यात बसलात तर समोर बसलेला मित्र ठाम राहतो आणि अख्खा मेळा वाहू लागतो. फोटोत ठाम असं काहीच नसेल तर लोक "फोटो हलला" म्हणतात, आणि ते बरोबरच म्हणतात.

हा मेळा १९०५ साली माधवराव महाराज शिंद्यांनी सुरू केला. गुरांच्या बाजारातून वाढलेल्या या मेळ्यात आता रेसकोर्स रोडच्या मैदानावर झुल्यांची वेगळी वस्तीच उभी राहते. शिकायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही, कारण एका संध्याकाळी चार तऱ्हेची गती एका ठिकाणी मिळते.

सुरुवात आकाशपाळण्यापासून करा, आणि तीही खालून. ट्रायपॉड मातीवर ठेवा, झुल्याभोवतीच्या फळ्यांवर नको. पाळणा फिरू लागला की फळ्या थरथरतात, जनरेटर जवळ असेल तर आणखीच. शटर बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर सोडा. आता एक वेगळ्या रंगाचा पाळणा हेरा आणि त्याच्या एका फेरीला किती वेळ लागतो ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. समजा १२ सेकंद लागले आणि चाकावर १२ पाळणे आहेत. म्हणजे एका सेकंदात प्रत्येक पाळणा पुढच्याच्या जागी पोचतो. शटर एक सेकंद उघडं ठेवलंत तर दिव्यांचं कडं बरोबर पुरं होतं. अर्धा सेकंद ठेवलंत तर तुकडे पडतात, मध्ये तेवढ्याच फटी राहतात. मला स्वतःला हे तुकडे जास्त आवडतात, कारण चाक फिरतंय हे त्यांतून कळतं. पुरं कडं सुंदर दिसतं, पण थोडं निर्जीव वाटतं. माणसं चढवण्या-उतरवण्यासाठी चाक थांबत-थांबत चालतं तेव्हा घाई करू नका. पुरा वेग आला की मगच शटर सोडा.

या फोटोची वेळ सूर्यास्तानंतरची. जानेवारीत आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो आणि त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी आकाश गडद निळं होतं. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची तीव्रता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, आकडा मोठा तसं ते लहान) एफ/८ आणि शटर एक-दोन सेकंद, इथून सुरुवात करून पडद्यावर पाहत जा. पूर्ण काळोख झाला की आकाश सपाट काळं येतं आणि चाकाचा सांगाडाही त्यात हरवतो.

दिव्यांची एक गंमत झूम करून नक्की पाहा. मेळ्यात आता बहुतेक एलईडी दिवे असतात, आणि त्यांतले पुष्कळसे ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. चाकाचा घेर ५० मीटर धरला आणि फेरी १२ सेकंदांची, तर कडेचा दिवा सेकंदाला साधारण चार मीटर जातो. म्हणजे दोन लुकलुकींमध्ये चार सेंटिमीटर. फोटोत त्या दिव्याची सलग रेघ न येता शिवणीच्या टाक्यांसारखी तुटक रेघ येते. जुना तारेचा पिवळा बल्ब कुठे टांगलेला असेल तर त्याची रेघ सलग येते, कारण तापलेली तार तेवढ्यात विझत नाही. एकाच फोटोत दोन्ही रेघा मिळाल्या तर तो फोटो जपून ठेवा.

आता पाळण्यात बसून काढायचे फोटो. इथे नवखे लोक एकच शटर सगळीकडे लावतात आणि मग निराश होतात. आकाशपाळण्यातला पाळणा टांगलेला असतो, चाक फिरलं तरी तो सरळच राहतो. म्हणून तुमची नजर गोल फिरत नाही, फक्त वर-खाली आणि पुढे-मागे सरकते. दूरचे दिवे जेमतेम हलतात, जवळचे खांब मात्र लांबतात. इथे १/४ ते १/२ सेकंद लागतो. ब्रेक डान्स नावाच्या झुल्यात गोष्ट वेगळी. तिथे खुर्ची स्वतःभोवती गरगर फिरते, मित्राच्या मागचं दृश्य क्षणात बदलतं, आणि १/१५ सेकंदातसुद्धा दिव्यांच्या लांब रेघा येतात. लहान मुलांची चक्री या दोघांच्या मधली, तिला १/८ पुरतं.

लेन्स वाइड घ्या, १८ ते २४ मिलिमीटर. कोपर बरगड्यांना टेकवा, किंवा कॅमेरा सीटच्या दांड्याला दाबून धरा. मित्र आणि तुम्ही एकाच धक्क्याने हलत असाल तर चेहरा स्पष्ट राहतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती प्रकाश घ्यायचा ते, मॅन्युअल (हाताने ठरवलेलं) ठेवा, कारण दर क्षणी नवा दिवा समोर येतो आणि ऑटोचा मीटर गोंधळतो. फोकस निघण्याआधी मित्राच्या डोळ्यांवर घेऊन तोही मॅन्युअल करून टाका. चेहरा अंधारात जात असेल तर अगदी कमी ताकदीचा फ्लॅश मारा. शटर लांब असलं तरी फ्लॅशचा झोत क्षणभराचाच, त्यामुळे चेहरा तेवढ्यात पकडला जातो. फ्लॅश झुला चालवणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार नाही हे पाहा.

आणि हे मी आग्रहाने सांगतो: टोरा टोरा, झुलणारी नाव, उलटे करणारे झुले यांत कॅमेरा नेऊच नका. तिथून सुटलेला कॅमेरा खालच्या माणसाचं डोकं फोडेल. चक्री असो की आकाशपाळणा, पट्टा मनगटाला गुंडाळलेला हवा आणि कॅमेरा दांड्याच्या बाहेर जाता कामा नये. लेन्सचं झाकण, हूड, सुटं होणारं सगळं खाली मित्राकडे ठेवून जा. झुलेवाल्याला आधी विचारा. तो नाही म्हणाला तर नाही. त्याला त्याचा झुला तुमच्यापेक्षा जास्त कळतो.

दुपारच्या उन्हात काम अवघड. आयएसओ १०० आणि एफ/१६ वर शटर १/१०० च्या आसपास येतं, त्यात चक्री गोठून जाते. १/१२ वर उतरायचं तर तीन स्टॉप, म्हणजे आठपट, प्रकाश कमी करणारा एनडी ८ हा काळसर फिल्टर लावा. मोबाइलला बहुधा अ‍ॅपर्चर बदलता येत नाही, म्हणून मोबाइलवाल्यांनी सरळ संध्याकाळीच यावं.

चक्रीचा फोटो खालून, कॅमेरा फिरवत काढायचा असेल तर घोडा तुमच्या अगदी समोरून आडवा जातो तो क्षण धरा. त्याआधी तो तुमच्याकडे येत असतो, नंतर दूर जात असतो, आणि दोन्ही वेळा कॅमेऱ्याला त्याची चाल जुळत नाही. समोर आल्यावरही सगळा घोडा स्पष्ट येत नाही, मुलाचा चेहरा आला तरी पुष्कळ झालं. मूल ओळखीचं नसेल तर आई-वडिलांना विचारूनच फोटो काढा.

गर्दीचाही विचार करा. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या दागेर या फ्रेंच माणसाने १८३८ मध्ये काढलेला पॅरिसच्या रस्त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. कॅमेरा काही मिनिटं उघडा होता, त्यामुळे रहदारी सगळी गायब झाली आणि बूट पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस तेवढा उमटला. मेळ्यातही दहा-वीस सेकंदांत चालणारी माणसं विरघळतात आणि मैदान ओसाड दिसतं. मेळा भरलेला दिसायला हवा असेल तर अर्ध्या-एक सेकंदापुढे जाऊ नका. कणसं भाजणारा, तिकीटखिडकीतला माणूस, असं कुणीतरी जागेवर उभं असलेलं फ्रेममध्ये घ्या.

थंडीतून घरी आल्यावर कॅमेरा लगेच बॅगेतून काढू नका, लेन्सवर दव धरतं. बंद बॅग तासभर खोलीत राहू द्या.

फोटोग्राफीच्या कोर्ससाठी किंवा कामासाठी पोर्टफोलिओ करणाऱ्यांनी दहा झुल्यांचे दहा फोटो देऊ नयेत. एकच झुला निवडा, एकाच जागेवरून १/६० पासून दोन सेकंदांपर्यंत उतरत जा, आणि त्यांतले चार फोटो शटरच्या आकड्यांसह शेजारी-शेजारी लावा. तुम्हाला गती हाताळता येते की नशिबाने एखादा फोटो जमला, हे बघणाऱ्याला त्या चारांत लगेच कळतं.