बार कार्ट कशी लावावी: बाटल्या नंतर, बर्फ आधी

घरातील बार कार्टविषयी, म्हणजे पेयांच्या बाटल्या व ग्लास मांडण्याच्या चाकांच्या गाडीविषयी, जे मार्गदर्शन सहज वाचायला मिळते, त्यातील बहुतेक २२ अंशांच्या दिवाणखान्यात बसून लिहिलेले असावे, असे मला नेहमी वाटते. फुलदाणी कोठे ठेवावी, सोनेरी चिमटा कोणता घ्यावा, बाटल्यांची उंची चढत्या क्रमाने कशी लावावी, यावर त्यांत पाने खर्ची पडतात. आमच्या छत्रपती संभाजीनगरमध्ये मे महिन्यात दुपारी पारा ४१-४२ अंशांवर जातो, रात्री नऊ वाजता गच्चीची फरशी पायाला चटका देते आणि पाहुणे आल्या आल्या काहीतरी गार मागतात. अशा ठिकाणी कार्टची परीक्षा बर्फावर होते. बाटल्यांकडे लोक नंतर पाहतात. दहा-बारा वर्षे आठ-दहा जणांची बैठक घरी जमवून मी एवढे शिकले आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये मद्य बाळगण्यास आणि पिण्यास परवाना लागतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा हा परवाना एक दिवसाचा, वार्षिक किंवा आजीवन असा मिळतो, आणि तीव्र मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. तो काढून ठेवावा.

कार्ट तयार विकत घेण्यापेक्षा जवळच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून करून घेणे मला पसंत आहे, कारण तयार गाड्यांची चाके नाण्याएवढी असतात. आपल्याकडील जुन्या घरांत शहाबादी फरशी असते, तिच्या सांध्यांत ही चाके अडकतात आणि गच्चीच्या दाराच्या उंबरठ्यावर तर सगळी गाडीच उचलून न्यावी लागते. चाके किमान तीन इंची असावीत, त्यांतील दोन चाकांना ब्रेक असावा आणि दोन्ही फळ्यांना बोटभर उंचीचा कठडा असावा. भरलेल्या बाटल्या नेहमी खालच्या फळीवर ठेवाव्यात. गाडी पश्चिमेच्या भिंतीला किंवा कूलरच्या झोतात लावू नये. भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते आणि कूलरच्या दमट हवेने बाटल्यांची लेबले सुटतात.

बाटल्यांच्या बाबतीत संयम ठेवावा. आठ जणांसाठी एक व्हिस्की, एक रम, एक जिन आणि एक व्होडका पुरेशी होते, कारण ७५० मिलीच्या एका बाटलीतून ६० मिलीचे बारा पेग निघतात आणि सगळेच पाहुणे पिणारे नसतात. तेरा प्रकारच्या रंगीत लिकरच्या, म्हणजे गोड व स्वादयुक्त मद्यांच्या, बाटल्या केवळ शोभेसाठी मांडणे हा पैशाचा अपव्यय आहे, कारण त्यांच्या तोंडाशी साखर जमते आणि तिला मुंग्या लागतात. वाइन व व्हर्मूथ मात्र कार्टवर कधीही ठेवू नयेत. व्हर्मूथ ही मुळात वनौषधींचा स्वाद दिलेली वाइनच असल्याने उघडलेली बाटली फ्रीजमध्येच ठेवावी लागते, आणि तेथेही ती महिना-दोन महिन्यांत संपवलेली बरी.

आता बर्फ. माझी पहिली बैठक बर्फानेच बुडवली. मे महिना होता, आठ पाहुणे होते, आणि घरच्या फ्रीजमधील दोन ट्रे पुरणार नाहीत हे कळण्याइतकी अक्कल असल्याने मी बाजारातून पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी आणवली. साडेआठ वाजेपर्यंत निम्मी लादी पाणी झाली होती, उरलेल्या निम्मीत गोणपाटाचे धागे होते, आणि पहिल्याच घोटाला एका ज्येष्ठ पाहुण्यांनी ग्लास खाली ठेवून अत्यंत सभ्यपणे साधे पाणी मागितले. खाण्यास अयोग्य असलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. पण लादी पांढरी दिसली म्हणजे ती पोटात घेण्याजोगी झाली, असे मानू नये. बाहेरून आणलेला बर्फ बाटल्या गार करण्यासाठी टबात वापरावा. ग्लासात फक्त घरचा बर्फ पडावा, यावर मी ठाम आहे.

घरच्या बर्फाची पहिली अडचण पाण्याची असते. आमच्याकडे नळ रोज येत नाही, टाकीतील पाणी बोअरवेलचे असते आणि ते जड असते. असे पाणी ट्रेमध्ये गोठवले की मधोमध पांढरट, ठिसूळ आणि चवीला मातकट खडा तयार होतो. त्यावर सर्वत्र एकच उपाय सांगितला जातो, तो म्हणजे पाणी दोनदा उकळा म्हणजे बर्फ काचेसारखा होईल. हा सल्ला देणाऱ्याने तो स्वतः करून पाहिलेला नसतो. जड पाणी उकळले की त्यातील कॅल्शियम कार्बोनेट पांढऱ्या कणांच्या रूपाने वेगळे होते आणि तेच कण पुढे बर्फात अडकतात. शिवाय ट्रेमधील पाणी सगळ्या बाजूंनी एकाच वेळी गोठत असल्यामुळे विरघळलेली हवा व क्षार आत ढकलले जाऊन मध्यभागीच कोंडले जातात, मग पाणी दोनदा उकळा की दहा वेळा. पाणी आरओचे घ्यावे आणि उकळण्याचा गॅस वाचवावा.

खरा उपाय पाण्याला एकाच दिशेने गोठू देण्याचा आहे. अमेरिकेतील लेखक कॅम्पर इंग्लिश यांनी २००९ साली तो प्रयोग करून प्रसिद्ध केला. भांड्याच्या बाजू आणि तळ यांना उष्णतारोधक आवरण असले व तोंड उघडे असले, की पाणी वरून खाली गोठत जाते आणि हवा व क्षार तळाकडे ढकलले जातात. त्यांनी यासाठी सहलीचा कूलर बॉक्स वापरला होता. आपल्या फ्रीजच्या फ्रीजरमध्ये तो मावणार नाही. त्याऐवजी मी सासूबाईंचा पोळ्यांचा जुना कॅसरोल झाकण काढून वापरते. दोन-अडीच लिटरचा, पसरट आणि तोंडाकडे किंचित रुंद होत जाणारा कॅसरोल असावा, म्हणजे लादी सहज सुटते. पोळ्यांचा वास त्यात मुरलेला असतो, म्हणून तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवून धुवावा. “आता आमच्या पोळ्या कशात ठेवायच्या?” हा प्रश्न घरोघरी येईलच; मी त्यांना नवा कॅसरोल आणून दिला आणि प्रश्न मिटवला.

कॅसरोलमध्ये काठापासून दोन बोटे जागा सोडून पाणी भरावे आणि तो फ्रीजरमध्ये सपाट ठेवावा. माझ्या फ्रीजमध्ये २० ते २२ तासांत वरचा तीन-चतुर्थांश भाग गोठतो. आपल्या फ्रीजचा अंदाज पहिल्या दोन खेपांत येतो. येथे आळस अजिबात करू नये. पाणी तळापर्यंत पूर्ण गोठू दिले तर गढूळपणा लादीतच अडकतो आणि गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगत असल्याने कॅसरोलचे आतले भांडे तडकते. माझा एक असाच गेला. लादी बाहेर काढली की तळाशी न गोठलेले पाणी ओतून टाकावे आणि पांढुरका थर राहिलाच असेल तर तो सुरीने तासून काढावा.

यानंतर येते कापणे, आणि येथे मी सर्वांत जास्त लाद्या वाया घालवल्या. उणे १८ अंशांवरची लादी बाहेर काढून मी तत्काळ खलबत्त्यातील बत्ता हाणला आणि स्वयंपाकघरभर काचेसारखा चुरा उडाला. लादी कापण्याआधी तिला १५ ते २० मिनिटे ओट्यावर निवांत राहू द्यावे. पृष्ठभागावरील पांढरे दव जाऊन ती ओली व चकचकीत दिसू लागली की ती कापण्यास तयार झाली. पाटाखाली ओला फडका अंथरावा, पावाच्या दातेरी सुरीने पाव इंच खोल रेघ ओढावी, सुरी त्या रेघेतच ठेवून तिच्या पाठीवर लाटण्याने हलके ठोके द्यावेत. लादी रेघेवरच दुभंगते. पाच सेंटिमीटरचे तुकडे करावेत, एकमेकांना न टेकवता तासभर पुन्हा गोठवावेत आणि मग बंद पिशवीत भरावेत. पिशवी उघडी राहिली तर फ्रीजमधील लसणाच्या ठेच्याचा वास बर्फ बिनदिक्कत शोषून घेतो.

एवढा खटाटोप केवळ दिसण्यासाठी नाही. पारदर्शक बर्फ वितळतच नाही, असे जे सांगितले जाते ते थोतांड आहे. फरक पडतो तो आकाराने. पाच सेंटिमीटरच्या एका तुकड्याचा पृष्ठभाग १५० चौरस सेंटिमीटर असतो, आणि तेवढ्याच बर्फाचे अडीच सेंटिमीटरचे आठ तुकडे केले तर तो ३०० होतो. म्हणजे लहान तुकडे पेयाला लवकर गार करतात खरे, परंतु तितक्याच लवकर पाणीही सोडतात. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता घेतो. उणे १८ अंशांपासून शून्यापर्यंत येताना तो जेमतेम नऊच घेतो. गारवा वितळण्यातूनच येत असल्यामुळे तापलेला ग्लास आणि तापलेली बाटली यांना गार करण्यात बर्फ खर्ची पडू देऊ नये. पाहुणे येण्याच्या दोन तास आधी ग्लास, जिन आणि व्होडका फ्रीजमध्ये ठेवावेत.

कार्टवर बर्फ ठेवण्यासाठी चकचकीत एकपदरी स्टीलची बादली दिसायला देखणी असते आणि उपयोगाला शून्य असते. दुसरा एखादा कॅसरोल घ्यावा, तळाशी वाटी पालथी घालून तिच्यावर जाळी किंवा छोटी चाळणी ठेवावी आणि तिच्यावर बर्फ ठेवावा, म्हणजे वितळलेले पाणी खाली उतरते व तुकडे त्यात पोहत बसत नाहीत. ओला बर्फ ग्लासात पडताक्षणीच पेय पातळ करतो. उन्हाळ्यात माणशी एक किलो बर्फाचा हिशेब धरावा, त्यात बाटल्या गार करण्याच्या टबातलाही बर्फ आला. लादी तयार व्हायला एक दिवस लागतो आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून मी बैठकीच्या चार दिवस आधीपासून रोज एक लादी काढते. फ्रीजर जितका भरलेला, तितका तो वीज गेल्यावर अधिक काळ गार राहतो.

सोडा आणि टॉनिक वॉटर यांच्या बाटल्या कार्टवर मांडून ठेवू नयेत, ही माझी दुसरी ठाम सूचना आहे. शून्य अंशाला एक लिटर पाण्यात सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो, २० अंशांना ०.९ आणि ४० अंशांना अर्ध्या लिटरच्या आसपास. गच्चीवर तापलेली सोड्याची बाटली उघडली की वायू फेसाबरोबर टेबलावर जातो आणि ग्लासात सपक पाणी पडते. लहान बाटल्या घ्याव्यात, बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवून ठेवाव्यात आणि एकेक काढावी.

लिंबाचा रस त्याच संध्याकाळी काढावा. साखरेचा पाक समान वजनाची साखर व पाणी घेऊन करावा, फ्रीजमध्ये तो तीन आठवडे टिकतो.

न पिणाऱ्यांसाठीचे पेय कार्टच्या वरच्या फळीवर, सर्वांत पुढे असावे. आमच्याकडे काका-काकू, आत्या अशी मंडळी हमखास असतात आणि त्यांना कोपऱ्यात पाण्याचा तांब्या दाखवणे हे यजमानाला शोभत नाही. उन्हाळ्यात वेलदोडा व किंचित काळे मीठ घातलेले कैरीचे पन्हे ठेवावे. इतर वेळी भौगोलिक मानांकन लाभलेली जालन्याची मोसंबी आहेच. तिचा रस मात्र आधी काढून ठेवू नये, तो कडवट होतो. पाहुण्यांसमोर पिळावा.

सजावटीसाठी मी एकच वस्तू वापरते, ती म्हणजे शहरातील हिमरू कापडाची अरुंद पट्टी, आणि तीही फक्त वरच्या फळीच्या मागील कडेला, जेथे ओले ग्लास टेकत नाहीत.

बैठक उठल्यावर उरलेला बर्फ कुंड्यांना घालावा, दोन्ही कॅसरोल धुऊन झाकण न लावता पालथे घालावेत आणि पुढची तारीख ठरलेली असेल तर झोपण्यापूर्वी एकात पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवून द्यावे.