तान्ह्या आणि लहान मुलांसाठी घरातले शिक्षण : पालकांनी काय करावे, केव्हा करावे

बाळाला घरी काही शिकवायचे ठरले की बहुतेक पालक आधी साहित्याची यादी करायला बसतात. चित्रांची कार्डे, रंगीत ठोकळे, अक्षरांचे तक्ते असे पुष्कळ काही त्या यादीत येते. यातले काहीही वाईट नाही; परंतु पहिल्या तीन वर्षांत बाळाला याहून कितीतरी अधिक गरज असते ती त्याच्या प्रत्येक खुणेची दखल घेणाऱ्या मोठ्या माणसाची. बाळ हुंकार देते, एखाद्या वस्तूकडे टक लावून पाहते किंवा बोट दाखवते. त्यावर आपण काही बोलतो, आणि मग पुन्हा बाळाची पाळी येते. या देवाणघेवाणीतून मेंदूतील जोडण्या घडत आणि बळकट होत जातात. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी २०१८ मध्ये बालसंगोपनाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात आरोग्य, पोषण आणि सुरक्षितता यांच्या जोडीला प्रतिसाद देणारे संगोपन आणि शिकण्याच्या संधी यांनाही तेवढेच स्थान दिले आहे.

म्हणून शिकवण्यासाठी दिवसातला वेगळा तास राखून ठेवू नये. दूध पाजणे, लंगोट बदलणे, आंघोळ घालणे, कपडे घालणे ही कामे रोज त्याच क्रमाने होतात आणि त्यामुळेच ती शिकण्याला फार सोयीची असतात. हात बाहीत घालताना ‘आता हा हात, आता तो हात’ असे सावकाश बोलावे आणि मग थांबावे. हे थांबणेच मोठ्यांना सर्वांत अवघड जाते. बाळाला ऐकलेले समजून घेऊन आवाजाने, नजरेने किंवा हालचालीने उत्तर द्यायला वेळ लागतो. तो मिळण्याआधीच आपण पुढचे वाक्य सुरू केले, तर त्याची पाळी हुकते. मनातल्या मनात पाचपर्यंत अंक मोजण्याची सवय लावून घेतली, तर फरक लवकरच दिसू लागतो. बाळाने मान फिरवली, जांभई दिली किंवा ते किरकिरू लागले, तर खेळ तिथेच थांबवावा.

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरचे सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणजे कुशीत घेतल्यावर आपला चेहरा जितका दूर असतो तेवढेच. त्यामुळे या काळात आपला चेहरा हेच त्याचे मुख्य खेळणे. जागे असताना, कोणी शेजारी बसलेले असताना, त्याला पालथे ठेवावे. सुरुवातीला दोन-तीन मिनिटे पुरेत आणि चादरीवर रडत असेल तर आपल्या छातीवर ठेवावे. स्वतःहून सरकू न लागलेल्या बाळांसाठी दिवसभरात थोडे थोडे करून किमान ३० मिनिटे पालथे राहणे जागतिक आरोग्य संघटनेने सुचवले आहे. झोपवताना मात्र नेहमी उताणेच झोपवावे.

सहाव्या महिन्यानंतर खेळांना खरा रंग चढतो. दृष्टीआड झालेली वस्तू नाहीशी झालेली नसते, ही जाणीव स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या निरीक्षणानुसार आठव्या महिन्याच्या सुमारास दिसू लागते. बुवाकुकचा आणि लपवाछपवीचा खेळ नेमका तिला खतपाणी घालतो. बाळाच्या डोळ्यांदेखत खुळखुळा कापडाखाली अर्धा झाकावा, ते जमले की पूर्ण झाकावा आणि त्याने कापड ओढून तो शोधेपर्यंत वाट पाहावी. डब्यात वस्तू टाकणे आणि काढणे, वाटीवर वाटी आपटणे, वस्तू पुन्हा पुन्हा खाली फेकणे हाही या वयातला अभ्यासच आहे. त्याला खोड समजून रागावू नये. नवव्या-दहाव्या महिन्याच्या आसपास अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत बारीक वस्तू उचलता येऊ लागतात आणि त्या थेट तोंडात जातात; म्हणून नाणी, मणी, गुंड्या आणि विशेषतः चपट्या गोल बॅटऱ्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवाव्यात.

पुस्तक अगदी पहिल्या महिन्यांपासून हातात घ्यावे. ते चघळले जाईल, पाने उलटी फिरतील, गोष्ट अर्धी राहील. तरीही ते वाचनच असते. मूल बोलू लागल्यावर चित्राविषयी विचारावे आणि त्याच्या शब्दात एखाद-दुसऱ्या शब्दाची भर घालावी. त्याने ‘गाडी’ म्हटले, तर आपण ‘हो, लाल गाडी निघाली’ म्हणावे. उच्चार चुकला तर दुरुस्त करत बसण्यापेक्षा आपल्या बोलण्यात तो शब्द नीट वापरावा. तेच पुस्तक रोज मागितले तर रोज वाचावे. घरात दोन भाषा असतील तर दोन्ही मोकळेपणाने बोलाव्यात.

चालू लागलेल्या मुलाला भरपूर हालचाल हवी असते. १ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात एकूण १८० मिनिटे सुचवलेली आहेत. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहात, म्हणजे लहान मुलांच्या शाळेत, मुलांना त्यांच्या उंचीचे सामान आणि खरी कामे दिली जात. घरीही हे सहज जमते: मोज्यांच्या जोड्या लावणे, टेबल पुसणे, पायऱ्या चढताना मोजणे. खेळणी मोजकीच, हाताला येईल अशा फळीवर ठेवावीत आणि अधूनमधून बदलावीत. टीव्ही-मोबाइलच्या पडद्याबाबत सूचना स्पष्ट आहे: १ वर्षापर्यंत अजिबात नको, दुसऱ्या वर्षीही टाळावा, त्यानंतर चौथ्या वर्षापर्यंत दिवसाला एका तासाहून अधिक नको.

शेजारच्या मुलाशी तुलना करून घाबरू नये. निरोगी मुले आधाराशिवाय चालू लागण्याचे वय साधारण आठव्या महिन्यापासून अठराव्या महिन्यापर्यंत पसरलेले असते. मुदतपूर्व जन्मलेल्या बाळाची प्रगती पाहताना, साधारण दोन वर्षांचे होईपर्यंत, वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. मात्र बाळ आवाजाकडे लक्षच देत नसेल, वर्षाचे होऊनही बोट दाखवणे किंवा हात हलवणे अशी एकही खूण करत नसेल, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नसेल किंवा आधी येत असलेली गोष्ट विसरू लागले असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत थांबू नये; लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवून श्रवणाची तपासणीही करून घ्यावी.