थेंबांचे वजन करून सर्फॅक्टंटचे पृष्ठीय वर्तन कसे तपासावे

पाण्याच्या आतील रेणूला चहूबाजूंनी शेजारी असतात, पृष्ठभागावरील रेणूला मात्र वरून कोणी नसते. त्यामुळे पृष्ठभाग सतत आकसू पाहतो. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा हा पृष्ठताण सुमारे ७२ मिलीन्यूटन प्रति मीटर असतो. सर्फॅक्टंट म्हणजे साबण-डिटर्जंटसारखा पृष्ठताण उतरवणारा पदार्थ. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्यात रमते, तर हायड्रोकार्बनची शेपटी पाणी टाळते. म्हणून हे रेणू पृष्ठभागावर गर्दी करतात आणि ताण उतरतो. टोकाला लटकलेल्या थेंबाचे वजन पृष्ठताणच पेलतो, म्हणून ताण उतरला की थेंब हलका असतानाच सुटतो. त्यामुळे ही उतरण ब्युरेट (तोटी असलेली, खुणा केलेली काचनळी) आणि मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा तराजू एवढ्यावरच मोजता येते.

प्रयोगासाठी सोडियम डोडेसिल सल्फेट हे सर्फॅक्टंट घ्यावे. त्याची भुकटी नाकाला झोंबते, तेव्हा मास्क लावावा. २.८८४ ग्रॅम भुकटी ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून द्रावण ५०० मिलिलिटर करावे, म्हणजे संहती २० मिलीमोल प्रति लिटर होते. त्यातूनच १ ते १६ मिलीमोलपर्यंतची आठ-दहा द्रावणे तयार करावीत आणि ८ च्या आसपास ती अधिक जवळजवळ ठेवावीत. मिसळताना बाटली जोरात हलवू नये. फेस म्हणजे नवा पृष्ठभागच, आणि तो विरळ द्रावणातले रेणू स्वतःकडे ओढून घेतो.

काचसामान डिटर्जंटने धुतले असेल तर गरम पाण्याने अनेकदा खळबळून काढावे आणि ब्युरेटच्या टोकाला बोट लावू नये. या प्रयोगातील बहुतेक चुका मोजण्यात नसून स्वच्छतेत असतात.

आधी शुद्ध पाण्याचे २० थेंब झाकणाच्या बाटलीत गोळा करून त्यांचे वजन घ्यावे, मग सर्वांत विरळ द्रावणापासून चढत्या क्रमाने जावे. थेंब जवळजवळ भरेपर्यंत थोडी घाई चालते, पण सुटण्याच्या बेतात आल्यावर त्याला अगदी सावकाश वाढू द्यावे. ताज्या पृष्ठभागावर रेणू पोहोचायला वेळ लागतो. भराभर टपकलेला थेंब अधिक जड भरतो आणि ताण आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. द्रावणाच्या थेंबाच्या वजनाला पाण्याच्या थेंबाच्या वजनाने भागून ७२ ने गुणले की पृष्ठताण मिळतो. थेंबाचा काही भाग टोकालाच चिकटून राहत असल्याने या आकड्यात थोडी त्रुटी उरते, पण आलेखाचे वळण त्यामुळे फारसे सरकत नाही.

आडव्या अक्षावर संहतीचा लॉगॅरिदम आणि उभ्या अक्षावर ताण मांडावा. रेषा उतरत जाते आणि सुमारे ८ मिलीमोलपाशी, ताण ४० च्या आसपास असताना, जवळपास आडवी होते. हीच क्रांतिक मिसेल संहती, म्हणजे जिच्यापासून रेणूंचे पुंजके (मिसेल) बनू लागतात ती संहती. येथे पृष्ठभाग भरला, असे सर्रास समजले जाते. ते बरोबर नाही. वळणाच्या आधीचा उताराचा भाग सरळ असतो, याचाच अर्थ पृष्ठभागावरील गर्दी तेथेच जवळपास पूर्ण झालेली असते आणि प्रत्येक रेणूच्या वाट्याला साधारण अर्धा चौरस नॅनोमीटर जागा आलेली असते. वळणानंतर बदलते ते आतले चित्र: नव्याने घातलेले रेणू शेपट्या आत वळवून मिसेल बांधतात, सुटे रेणू फारसे वाढत नाहीत, आणि म्हणून ताणही उतरायचा थांबतो.

साध्या मिठाने हे वळण बरेच अलीकडे येते, कारण सोडियमचे आयन ऋणभारित टोकांमधील प्रतिकर्षण झाकून टाकतात. नळाचे पाणी वापरू नये, ते याचसाठी.

वळणाच्या अगदी आधी रेषा खाली बुडून पुन्हा वर आली, तर दोष तराजूला देऊ नये. भुकटीत डोडेकॅनॉल या लांब शेपटीच्या अल्कोहोलचा अंश असल्याची ती खूण आहे: मिसेल बनण्यापूर्वी ते पृष्ठभागावर बसून ताण आणखी उतरवते आणि नंतर मिसेलच्या पोटात शिरते. जुन्या द्रावणात ते जलअपघटनाने आपोआपही तयार होते. अशा वेळी भुकटीचे इथेनॉलमधून पुनःस्फटिकीकरण करावे आणि द्रावण त्याच दिवशी ताजे बनवावे.