नव्या पिढीच्या अणुभट्टीची बातमी आली की काय काय तपासायचं

‘अमुक देश मिळून चौथ्या पिढीची अणुभट्टी बनवणार’ अशी बातमी आली की सगळ्यात आधी कूलंट कुठला ते शोधा, म्हणजे गाभ्यातली उष्णता कशाने बाहेर काढणार ते. चौथ्या पिढीच्या भट्ट्यांवर मिळून संशोधन करणाऱ्या देशांच्या गटाने, म्हणजे जनरेशन फोर इंटरनॅशनल फोरमने, २००२ मध्ये सहाच प्रकार निवडलेत: सोडियम, शिसं, वितळलेलं मीठ, सुपरक्रिटिकल (म्हणजे प्रचंड दाब आणि तापमानाचं) पाणी, आणि गॅसवाले दोन. सोडियम ८८३ अंशांपर्यंत उकळत नाही त्यामुळे प्रचंड दाब ठेवावा लागत नाही, हा मोठा फायदा, पण हवेत ते पेटतं आणि पाण्याशी तर भडकतंच, जपानच्या मोंजू भट्टीमध्ये १९९५ ला सोडियम गळूनच आग लागली होती. म्हणून सोडियमची भट्टी असेल तर गळती कशी पकडणार हे बातमीत आहे का बघा.

मग ‘मिळून’ म्हणजे नक्की काय ते बघा, इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. सगळे देश बसून एकच डिझाइन काढतात असं नसतं. या फोरमची २००१ ची सनद, २००५ चा मूळ करार (२०२५ मध्ये त्याच्या जागी नवा आला), त्याखाली प्रत्येक प्रकाराचा वेगळा करार आणि त्याखाली इंधन, मटेरियल, सेफ्टी असे प्रोजेक्ट, ज्या देशाला ज्यात रस तो तेवढ्यावरच सही करतो. वाटून घेतात ते संशोधन. भट्टी ज्याची त्याने बांधायची, पैसा ज्याचा त्याने घालायचा. तरी हे फार मोलाचं आहे, कारण नवीन इंधन वेगवान न्यूट्रॉनमध्ये वर्षानुवर्षं ठेवून तपासावं लागतं आणि तशा भट्ट्या जगात मोजक्याच आहेत.

भट्टी कागदावर आहे की उभी राहिली, हेही बघा. चीनची शिदाओ बेची हेलियमवाली भट्टी डिसेंबर २०२३ मध्ये व्यावसायिकरीत्या सुरू झाली, तर फ्रान्सचा सोडियम भट्टीचा प्रकल्प अॅस्ट्रिड जपान सोबत असूनही २०१९ ला थांबला.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, इंधन कोण देणार? भारत या फोरममध्ये नाही, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या (आयएईए) इन्प्रो या नव्या भट्ट्यांवरच्या प्रकल्पात आहे, पण आपला अनुभव बघा ना. कल्पाक्कमची एफबीटीआर ही प्रायोगिक फास्ट ब्रीडर भट्टी फ्रान्सच्या राप्सोदी या भट्टीवरून घेतली, मग १९७४ ची पोखरण चाचणी झाली आणि समृद्ध युरेनियमचा मार्गच बंद झाला, तेव्हा ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने (बीएआरसी) प्लुटोनियम-युरेनियमचं मिश्र कार्बाइड इंधन बनवलं आणि त्यावर १९८५ ला भट्टी सुरू झाली. अमेरिकेतही टेरापॉवर कंपनीचा वायोमिंगमधला भट्टीचा प्रकल्प लांबला कारण त्याला लागणारं इंधन व्यावसायिक पातळीवर फक्त रशियाच देत होता. त्यामुळे करारात इंधन कुणाचं, किती वर्षांसाठी, आणि पुरवठा थांबला तर दुसरी सोय काय हे लिहिलंय का ते शोधा. नसेल लिहिलं तर खाली कमेंटमध्ये सरळ विचारा.